कलिंगा नावाची गोगलगाय

परवा विशाखापट्टणमहून नातीचा फोन. नोकरीनिमित्त ती तिथे असते आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्रात बुड्या मारते. तिचा पाचसहा जणांचा गट आहे. खडकांच्या कपारीतले बोटभर जीव शोधायचे, फोटो काढायचे, तारीख आणि खोली टिपायची आणि वर आल्यावर पुस्तकाशी ताडून ओळख पटवायची.

"आजोबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. मग सांगा, समुद्रातल्या एका बिनशंखाच्या गोगलगाईचं शास्त्रीय नाव 'कलिंगा ओर्नाटा' कसं?"

आमचा कलिंग म्हणजे अशोकाचा. तिथून पुढे गाडी जाईना. मोतिबिंदू काढलेल्या डोळ्याने चार दिवस शोधत बसलो.

निघाला वॉल्टर एलियट. हा मद्रासच्या मुलकी सेवेतला. १८२४ साली कित्तूरला थॅकरे मारला गेला, तेव्हा राणी चन्नम्माच्या माणसांनी जे दोन इंग्रज ओलीस धरले त्यांतला हा एक, वय वर्षे २१. कित्तूर मी वर्गात कितीदा शिकवले असेल, पण हा पोरगा कधी नजरेस पडला नव्हता! सुटल्यावर त्याने १८३९ मध्ये दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली, त्यात इथली बोलीतली नावेही नोंदली. प्राण्याला लोक काय म्हणतात हे विचारावेसे वाटणे, हे मला त्याच्याबद्दल फार बोलके वाटते.

१८४५ ते १८५४ तो उत्तर सरकार भागाचा कमिशनर होता. वाल्टेरच्या किनाऱ्यावर त्याने या गोगलगाई गोळा केल्या. यांची पंचाईत अशी की मद्यार्कात घातल्या की रंग उडतो आणि अंग आकसून गोळा होतो. म्हणून जिवंत असतानाच चित्र काढावे लागे. एलियटने ते देशी चित्रकाराकडून करवून घेतले. नमुने आणि चित्रे पोचली इंग्लंडात, न्यूकॅसलच्या जोशुआ ऑल्डर आणि अल्बनी हॅनकॉक यांच्याकडे. १८६४ मध्ये त्यांनी वर्णन छापले. 'कलिंगा' हे नाव त्या किनाऱ्यावरूनच पडले असणार. दुसऱ्या एका गोगलगाईच्या नावात एलियट आहे.

आणि चित्रकार? रंग ज्याच्या कुंचल्यामुळे टिकला तो? चार दिवसांत त्याचे नाव काही मला मिळाले नाही.

एलियट म्हातारपणी जवळजवळ आंधळा झाला होता. तरी १८८५ मध्ये दक्षिण भारतातल्या नाण्यांवर त्याचे पुस्तक आले. (माझ्या मोतिबिंदूची तक्रार मी त्या दिवसापासून बंद केली आहे. सूनबाई साक्षीला आहेत.)

हे सगळे नातीला फोनवर सांगितले. मग विचारले, "तुमच्या वहीत कोणाकोणाची नावं असतात?"

"बुडी मारणाऱ्यांची."

"आणि गोगलगाई कुठे सापडतात हे तुम्हाला कोण सांगतं?"

"होडीवाले काका. त्यांना प्रत्येक खडक ठाऊक आहे."

"त्यांचं नाव आहे वहीत?"

थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू येईना. मला वाटले, लाईन तुटली.

"लिहिते," ती म्हणाली.

कलिंगा त्यांना अजून सापडलेली नाही. ती वाळूत राहते म्हणे, आणि ही मंडळी शोधतात खडकात.