आंब्याला हात लावू नये

वैशाखात पोलादपूरला आजोळी जाणे म्हणजे आम्हां मुलांना पर्वणीच! सकाळी सावित्रीच्या डोहात डुंबावे, करवंदांनी तोंडे रंगवावीत, दुपारी आजी आमसुलांसाठी रातांबे फोडीत बसली की तिथे लुडबुड करावी. परसातला रायवळ आंबा मात्र आजीने लावलेला. पाडाच्या आंब्याचा पहिला मान देवाचा, मग आमचा.

एका सुटीत गेलो, तो आंबा नव्हताच. मामांनी तो लाकडासाठी विकला होता. आजी काही बोलली नाही. पण त्या उन्हाळ्यात ती परसात फिरकली नाही.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ वाचले आणि आजीचे ते मौन उलगडले. महाडजवळच्या रायगडावर ६ जून १६७४ रोजी, ऐन आंब्या-फणसाच्या दिवसांत, शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हा पंत अष्टप्रधानांत होते. अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लिहिले, की आंब्या-फणसाचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे खरे, तरी त्यास हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे अगदीच जीर्ण झाले, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. बळजोरी करू नये.

मामांनी मोल घेतले होते, बळजोरीही कुणी केली नव्हती. पण झाडाची धनीण आजी. तिला विचारायचे मात्र राहून गेले होते.

यंदा मिरगाला त्याच जागी मी एक कोय पुरली आहे. फळे नातवंडांनी खावीत.