नापासाच्या पुढची तारीख

आपल्याकडे केटी लागते, चेन्नईत अरियर राहतात. नापास होऊन राहिलेल्या विषयांसाठी इंजिनिअरिंगच्या पोरांमध्ये हे शब्द सर्रास चालतात. ऑगस्ट 2020 मध्ये, कोविडच्या काळात, तमिळनाडू सरकारनं फी भरलेल्या विद्यार्थ्यांचे अरियरचे पेपर रद्द करून त्यांना पास करायचं जाहीर केलं, तेव्हा मुख्यमंत्री पळनिस्वामींचे आभार मानणारे फलक पोरांनी झळकवले. तंत्रशिक्षण परिषदेनं हरकत घेतली, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर पेपर द्यावेच लागणार, असं 2021 मध्ये स्पष्ट झालं. देशभर त्या फलकांची टिंगल झाली. मला मात्र त्यात मोठा सुटकेचा निःश्वास ऐकू आला. घरातला पहिला इंजिनिअर, डोक्यावर शैक्षणिक कर्ज, आणि चार राहिलेले विषय कोणाला सांगायचे हा प्रश्न: असा मुलगा रात्री किती झोपत असेल?

या धास्तीचा उगम बराच नेमका सांगता येतो. 1857 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथं विद्यापीठं निघाली. त्याआधी शास्त्र्याकडे किंवा पंतोजीकडे विद्या कोणाला जास्त यायची, कोणाला कमी. पण एका ठरलेल्या दिवशी शेकडो मुलांनी एकच पेपर लिहायचा आणि मग यादीत नाव शोधायचं, हा प्रकार नवा होता. मद्रासच्या पहिल्या बी.ए. परीक्षेतून, 1858 मध्ये, दोघंच पार पडले. मुंबईची पहिली मॅट्रिक 1859 ची. तिच्यात रानडे आणि भांडारकर होते. सरकारी नोकरीचं दार याच यादीतून उघडत होतं आणि त्या दारात उभे होते जवळजवळ फक्त मुलगे. थोरल्या मुलाचा निकाल म्हणजे घराचा निकाल, हे समीकरण तेव्हा जुळलं ते आजतागायत सुटलेलं नाही.

त्या यादीत नाव नसलेला सर्वांत प्रसिद्ध मुलगा म्हणजे श्रीनिवास रामानुजन. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गणितापायी बाकीचे विषय मागे पडले आणि शिष्यवृत्ती गेली. 1905 मध्ये, सतरा वर्षांचा असताना, घरी न सांगता तो विशाखापट्टणमला निघून गेला. पुढच्या वर्षी मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात नाव घातलं, पण पदवीआधीची एफ.ए. परीक्षा हुकली, 1907 मध्ये पुन्हा हुकली. रामानुजनची गोष्ट आपण नेहमी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेल्या पत्रापासून सांगतो, म्हणून मधली पाच वर्षं नजरेआड होतात. लग्न झालेलं, पदवी नाही, वह्या काखेत मारून एकेकाच्या दारी जाणं. नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्याकडे गेला तेव्हा त्यानं धन-मान मागितलं नाही. पोटाची चिंता मिटून काम करता येईल एवढी सवड मागितली. त्यांनी महिना पंचवीस रुपये सुरू केले. मार्च 1912 मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपयांची कारकुनी मिळाली. गुण असलेल्या मुलालाही आधी हवी होती ती पायाखाली थोडी घट्ट जमीन.

निकालानं धास्तावलेल्या मुलांसाठी मद्रास शहरात औषधोपचाराची सोय नव्हती का? मद्रासचं वेड्यांचं इस्पितळ 1794 चं, 1871 पासून किळपाकला. पण आपल्याकडे जसं ठाणं आणि येरवडा, तसं तिथं किळपाक. नुसतं नाव काढलं तरी चेष्टा होते. छातीत धडधड, पोटात गोळा, पहाटे तीनला जाग एवढ्यासाठी तिथं कोण जाणार? मुलगा ॲसिडिटीची गोळी घेतो, चिडचिड करतो, मित्रांत हसतो. पुरुषाची भीती रागाच्या किंवा गप्पपणाच्या वेषात फिरते, म्हणून घरच्यांनाही ती ओळखू येत नाही.

1986 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी आत्महत्या रोखण्यासाठी चेन्नईत ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली: प्रशिक्षित स्वयंसेवक, एक फोन, उपदेश न करता ऐकणं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं कलम 309 घटनाबाह्य ठरवलं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयानं ते कलम वैध मानलं. खचलेल्या माणसाला पोलिसचौकीऐवजी मदतीकडे नेणारा कायदा देशभर लागू व्हायला 2018 उजाडलं.

‘स्नेहा’चं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते काम फोनपलीकडचं आहे. बोर्डाच्या निकालानंतर मुलं कोलमडतात, हे पाहून त्यांनी वेळापत्रकावर बोट ठेवलं. नापास मुलाचं आख्खं वर्ष का जावं? निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा घ्या, म्हणजे तो बरोबरीच्या मुलांसोबत पुढे जाईल. या शतकाच्या सुरुवातीला तमिळनाडूनं ते स्वीकारलं. भीतीचा स्वभाव पाहिला तर उपाय अगदी नेमका आहे. जी गोष्ट आपण टाळतो ती मनात मोठी होत जाते. समोर गेलं की आकारात येते. मधलं रिकामं वर्ष म्हणजे सक्तीची टाळाटाळच, वर लग्नकार्यात ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न.

महाराष्ट्रात ‘ऑक्टोबरची वारी’, म्हणजे ऑक्टोबरातली फेरपरीक्षा, चेष्टेचा विषय होती, पण त्या वारीनं कित्येकांचं कॉलेजचं वर्ष खाल्लं. दहावीची फेरपरीक्षा जुलैत यायला 2015 साल उजाडलं. गुणपत्रिकेवर ‘अनुत्तीर्ण’ऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ छापण्याची टूमही निघाली. शिक्का बदलल्यानं फारसं काही होत नाही, असं माझं मत. तारीख बदलल्यानं होतं. चेन्नईनं 2017 मध्ये बोर्डात पहिल्या आलेल्यांच्या याद्या बंद केल्या, तेही मला याच जातीचं शहाणपण वाटतं.

नेमक्या त्याच वर्षी तमिळनाडूत मेडिकलचे प्रवेश ‘नीट’वर गेले. देशाची एकच परीक्षा, वर्षातून एकदा. सप्टेंबर 2021 मध्ये ‘नीट’ झाल्यावर राज्य सरकारनं 104 क्रमांकाच्या आरोग्य हेल्पलाइनवरचे समुपदेशक कामाला लावले आणि परीक्षा दिलेल्या लाखभर मुलांना आपणहून फोन करायला सांगितलं. पूर्वी घाबरलेल्या मुलाला नंबर शोधावा लागे, आता सरकारच त्याला शोधतं, हा बदल लहान नाही. आज 14416 या टेलि-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पण जेईई मेन 2019 पासून वर्षातून किमान दोनदा होते, सीबीएसईनं 2026 पासून दहावीची दुसरी संधी त्याच वर्षी ठेवली, आणि ‘नीट’ला बसणारा मुलगा मात्र हुकला की अजूनही पुढच्या मे महिन्याची वाट पाहतो.