मुंबईचा प्लेग आणि एक वक्ररेषा

रायपूरच्या वर्गात असो वा पुण्याच्या, साथीच्या गणिती प्रारूपाचा पाठ सुरू झाला की फळ्यावर तीन अक्षरे येतात: एस, आय, आर. म्हणजे बाधा होऊ शकणारे, बाधित आणि बरे झालेले किंवा मेलेले. हे प्रारूप केर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्या 1927 च्या लेखातले. मॅकेन्ड्रिक पूर्वी भारतीय वैद्यकीय सेवेत होते. लेखात पडताळ्याला घेतलेले आकडेही इथलेच, मुंबईच्या प्लेगचे.

17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळातले साप्ताहिक मृत्यू त्यांनी आलेखावर मांडले. सूत्राची घंटेसारखी रेषा त्या ठिपक्यांवर सुरेख बसली. एप्रिलच्या मध्यास आठवड्याला सुमारे 890 मृत्यू, मग उतार.

प्रारूपात उतार येतो, कारण बाधा होऊ शकणारे कमी होत जातात. आता बेरीज तुम्हीच करून पाहा. रेषेखालचे एकूण मृत्यू सुमारे 8,900 भरतात आणि शहराची वस्ती दहा लाखांच्या घरात! मग माणसे कमी पडली कुठे?

हा रोग मुळात उंदरांचा, पिसवांमार्फत माणसाला होणारा. 'उंदीर पडू लागले' की साथ आली, हे लोकही ओळखत. लेखकांनाही हे ठाऊक होते. आपली गृहीतके इथे काटेकोर लागू पडत नाहीत, हे त्यांनी लेखातच मान्य केले. पण 1896 पासून प्लेग वर्षामागून वर्ष ठरावीक महिन्यांतच उसळत होता आणि त्यांच्या समीकरणात ऋतूला जागा नव्हती. उंदीर, पिसवा आणि ऋतू धरून निकोला बकाएर यांनी 2012 मध्ये मुंबईची ही साथ पुन्हा मांडली.