आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम किंवा शुश्रूषा केंद्र निवडताना काय तपासावे?

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की कोपऱ्यावरचे दहा-पंधरा खाटांचे खाजगी हॉस्पिटल डोळ्यासमोर येते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले वडील किंवा विसरभोळेपणा वाढत गेलेली आई यांना कायमचे कुठे ठेवायचे, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. अशा जागांच्या पाट्यांवर वृद्धाश्रम, केअर सेंटर, शुश्रूषा केंद्र, ज्येष्ठ नागरिक निवास अशी नाना नावे असतात. गिरणी, रेल्वे, महापालिका, एसटी, बँक इथून निवृत्त झालेली आपली एक मोठी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, किंवा सगळे एकाच खोलीत आणि दोघेही कामावर. मग वस्तीतल्या कार्यकर्त्याला फोन येतो, "दादा, एखादा चांगला आश्रम बघून द्या ना." तो फोन घेणाऱ्यांसाठी ही माहिती आम्ही एकत्र करत आहोत.

सर्वात आधी जागा कोणत्या प्रकारची आहे ते समजून घ्या. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या वृद्धाश्रमांत ६० वर्षांवरील निराधार पुरुष आणि ५५ वर्षांवरील निराधार स्त्रिया यांना मोफत ठेवतात. मातोश्री वृद्धाश्रम ही योजना राज्यात १९९५ मध्ये सुरू झाली. त्याशिवाय ट्रस्टचे सशुल्क आश्रम आहेत आणि गेल्या काही वर्षांत बंगल्यात किंवा इमारतीच्या एका मजल्यावर सुरू झालेली खाजगी केंद्रे आहेत. बहुतेक वृद्धाश्रमांच्या अर्जात 'स्वतःची कामे स्वतः करू शकणारे' अशी अट असते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: माणूस उद्या अंथरुणाला खिळला तर तुम्ही ठेवता की घेऊन जा म्हणता? उत्तर तोंडी घेऊ नका, करारात दाखवायला सांगा. हा प्रश्न न विचारल्यामुळे वर्षभरात पुन्हा जागा शोधत फिरणारी कुटुंबे आम्ही बरीच पाहिली आहेत.

कायदा काय म्हणतो?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा आहे. त्याच्या कलम १९ नुसार राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार वृद्ध राहू शकतील असा आश्रम टप्प्याटप्प्याने उभारू शकते. खाजगी केंद्रांवरील देखरेखीबाबत मात्र हा कायदा फारसा उपयोगी पडत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आले होते. केअर होमची नोंदणी आणि किमान मानके त्यात होती. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बादही झाले. अमेरिकेत सरकार २००८ पासून प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देते. तपासणी अहवाल, कर्मचारी संख्या आणि रुग्णांच्या प्रकृतीच्या नोंदी पाहून हे तारे ठरतात आणि कोणालाही घरबसल्या पाहता येतात. आपल्याकडे असे काही नाही, त्यामुळे तपासणी आपल्यालाच करावी लागते.

तरीही एक जुना कायदा हाताशी आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ मध्ये 'नर्सिंग होम'च्या व्याख्येत आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणारी जागा येते. 'दुर्बलता' हा शब्द लक्षात ठेवा. ज्या केंद्रात नाकातल्या नळीने अन्न देतात, लघवीची पिशवी बदलतात, ऑक्सिजन लावतात, सलाईन चढवतात, त्यांनी 'आम्ही फक्त राहण्याची सोय करतो' असे म्हणणे पटण्यासारखे नाही. नोंदणी प्रमाणपत्र मागा. ते दर्शनी भागात लावलेले असायला हवे. या कायद्याखालील नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली. रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक लावणे तेव्हापासून बंधनकारक झाले. भिंतीवर तेही आहे का पाहा. संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक आणि मागील वर्षाचा हिशेब विचारा. प्रामाणिक संस्थाचालकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

प्रत्यक्ष भेट

भेटीची वेळ त्यांना ठरवू देऊ नका. एकदा वेळ घेऊन जा, दुसऱ्यांदा न सांगता, शक्यतो रविवारी संध्याकाळी साडेसहा-सातला. त्या वेळी व्यवस्थापक नसतो, कर्मचारी कमी असतात, जेवण वाढणे चालू असते आणि खरे चित्र दिसते. न सांगता आलेल्या नातेवाइकाला 'आजोबा झोपलेत, नंतर या' म्हणून दारातून परत पाठवणारी जागा आम्ही तरी यादीतून काढून टाकू.

आत शिरताच वास घ्या. लघवीचा वास एका खाटेजवळ असेल तर तो त्या क्षणाचा असतो, पण सगळ्या मजल्यावर असेल तर चादरी आणि डायपर वेळेवर बदलत नाहीत. फिनेल आणि उदबत्तीचा अति दरवळही शंका घेण्यासारखाच. मग माणसांकडे पाहा. नखे कापलेली आहेत का? चष्मा डोळ्यावर आहे की कपाटात? कानाच्या मशीनचा सेल चालू आहे का? कवळी घातली आहे का? ज्याला कवळी लावून दिली जात नाही, तो पोळी खाऊ शकत नाही. मग 'आजोबा हल्ली जेवत नाहीत' असा निरोप घरी येतो. दर महिन्याला वजनाची नोंद होते का, हे विचाराच. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटणे ही डॉक्टरांना दाखवण्याची गोष्ट आहे. साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो उतरले तरी अंगावरच्या कपड्यांमुळे ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाबाबत सर्वात मोठी कसोटी म्हणजे पाठीच्या जखमा, ज्यांना सगळे बेडसोर म्हणतात. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू इथे त्या होतात. स्वतः हलू न शकणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. त्याचा तक्ता खाटेला लावलेला असतो का? असेल तर नीट पाहा. चोवीस तासांच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच हाताने केलेल्या असतील तर तो तक्ता संध्याकाळी बसून भरला आहे. एअर बेड असेल तर त्याचा पंप चालू आहे का तेही बघा, कारण पंप बंद असलेली हवेची गादी काही कामाची नाही. आपला माणूस तिथे असेल तर दर भेटीत पांघरूण बाजूला करून टाचा आणि माकडहाड स्वतः बघा. बोटाने दाबल्यावरही न जाणारा लालसरपणा ही जखमेची पहिली पायरी असते. तिथेच लक्ष दिले तर पुढचे हाल टळतात.

न्हाणीघरात जाऊन या. दांडे भिंतीत पक्के बसवले आहेत का, ते धरून ओढून पाहा. फरशी ओली आणि गुळगुळीत असेल, खोलीपासून संडासापर्यंत रात्री दिवा नसेल, तर खुब्याचे हाड मोडणे ही वेळेची बाब आहे. गरम पाणी कोण मिसळून देते तेही विचारा, वृद्धांची कातडी लवकर भाजते.

सेवा करणारी माणसे

गोड बोलणारे मॅनेजर असतात, पण सेवा करतात त्या मावशी, मामा आणि ब्रदर. त्यातले बरेच जण ब्युरोमार्फत आलेले, बारा तासांच्या पाळीत राबणारे आणि कमी पगारावरचे असतात. अनेक जणी आपल्याच वस्त्यांमधल्या आहेत, त्यांच्याशी आदराने बोला, त्या खरे सांगतात. रात्री किती माणसे असतात, हा त्यांना विचारायचा मुख्य प्रश्न. वीस खाटांना रात्री एकच मावशी असेल तर ती एकाला उचलत असताना बाकीचे एकोणीस वाऱ्यावर असतात. नर्स म्हणून ज्यांची ओळख करून देतात त्यांचे शिक्षण एएनएम किंवा जीएनएम आहे का आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हेही पाहा.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने मलमूत्रात पडून राहिलेल्या भिक्खूची घटना आहे. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले आणि उचलून खाटेवर ठेवले. त्यानंतर चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण तिथे सांगितले आहेत: औषध तयार करता येणे, पथ्य-कुपथ्य कळणे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्र, ओकारी, थुंकी उचलताना किळस न करणे आणि रुग्णाला धीर देणारे बोलणे. भेटीच्या वेळी ही यादी मनात असू द्या. एखादी मावशी डायपर बदलताना आजींशी बोलते की वस्तू उलटवावी तसे उलटवते, हे दोन मिनिटांत दिसते.

औषधांबाबत दोन गोष्टी. प्रत्येकाचा नाव लिहिलेला वेगळा डबा आणि दिलेल्या गोळीची लेखी नोंद हवी. दुसरी गोष्ट झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्यांची. दुपारी चारला सगळा हॉल पेंगत असेल तर विचारा की कोणाला काय चालू आहे आणि कोणत्या डॉक्टरने लिहून दिले आहे. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण रात्री उठतात, आरडाओरडा करतात, हे खरे आहे. पण कमी माणसांत काम भागवायचे म्हणून गोळी देणे किंवा हात खाटेला पट्टीने बांधणे हा उपचार नव्हे. बांधावेच लागले तर कोणाच्या आदेशाने, किती वेळ, याची नोंद आणि घरच्यांना कळवणे आवश्यक आहे. भरवताना माणसाला उठवून बसवतात का, हेही जेवणाच्या वेळी दिसते. आडवे ठेवून भरवलेला घास फुप्फुसात जाऊ शकतो आणि न्यूमोनिया होतो.

आग

या मुद्द्यावर तडजोड करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. १ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातील वृद्ध सेवा केंद्रात दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. यात बळी गेले ते स्वतः उठून पळू न शकणारे. म्हणून खिळलेले रुग्ण तिसऱ्या मजल्यावर आणि ऑफिस तळमजल्यावर, अशी रचना दिसली की सावध व्हा. खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या, रात्री कुलूप लागणारे सरकते लोखंडी दार, जिन्यात रचलेल्या गाद्या, खोलीलगत गॅस सिलिंडर हे सगळे लिहून घ्या. रात्री दाराची किल्ली कोणाकडे असते? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे 'फॉर्म बी' प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. ताजी प्रत मागा. अग्निशामक नळकांड्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, एवढे तर कोणीही पाहू शकते.

पैसा, करार आणि भेदभाव

डिपॉझिट किती, परत कधी, मृत्यू किंवा स्थलांतर झाल्यास उरलेल्या महिन्याचे काय, डायपर आणि औषधे दरात की वेगळी, हॉस्पिटलला कोण नेणार, हे सर्व लेखी घ्या. पेन्शनचे एटीएम कार्ड, चेकबुक, आधारशी जोडलेला मोबाईल संस्थेकडे ठेवू नका. नोव्हेंबरातील हयातीचा दाखला कोण काढणार हे आधी ठरवा. घर किंवा जमीन संस्थेच्या नावे करण्याच्या बदल्यात 'आजन्म सांभाळ' अशी ऑफर आली, तर वकिलाला दाखवल्याशिवाय अंगठा नको.

आणखी एक प्रश्न बाकीच्या याद्यांमध्ये नसतो. आडनाव ऐकून जागा 'भरलेली' होते का? आत गेल्यावर ताटवाटी वेगळी, स्वयंपाकघरात येऊ नका, खोलीतला बाबासाहेबांचा फोटो काढा, असे काही होते का? नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ५ नुसार सर्वसामान्यांसाठीच्या रुग्णालयात किंवा वसतिगृहात अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे आणि प्रवेशानंतर भेदभाव करणे, दोन्ही गुन्हे आहेत. सामूहिक प्रार्थना ऐच्छिक आहे का आणि अंत्यविधी कोणत्या पद्धतीने, कोणाला कळवून व्हावा, हे अर्जावरच लिहून द्या. अपरात्री मृत्यू झाला आणि मुले दूर असली की संस्था आपल्या सोयीने उरकून टाकते.

तक्रार कुठे करायची?

ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६७ आहे, तातडीच्या प्रसंगी ११२. नोंदणी आणि उपचाराबाबतची तक्रार महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करावी, इतरत्र जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. अनुदानित आश्रम असेल तर समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जा. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुलेच वाऱ्यावर सोडत असतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या निर्वाह न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. तिथे वकील लागत नाही आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मंजूर होऊ शकतो.

तरुणांसाठी एक काम आहे. आपल्या शहरातील नोंदणीकृत शुश्रूषागृहांची यादी, शेवटच्या तपासणीची तारीख आणि अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये शुल्क लागते आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ज्या केंद्रांच्या पाट्या रस्त्यावर दिसतात पण यादीत नाव नाही, त्यांची वेगळी यादी करून आरोग्य विभागाला लेखी द्या आणि पोच घ्या. अग्निशमन विभागाकडे फॉर्म बीसाठी असाच दुसरा अर्ज करा. विहारात ही फाईल ठेवली, तर पुढचा फोन येईल तेव्हा कोणती जागा बघायला जायचे ते निदान सांगता येईल.