सह्याद्रीचे पाणी आणि गिरणीचे चाक

पुण्याहून पश्चिमेकडे निघाले म्हणजे सह्याद्री डोंगरासारखा वाटत नाही. जमीन हळूहळू चढत जाते, इतकेच. खंडाळ्यास ती एकाएकी तुटते आणि खाली कोकण दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा काळा पाषाण तयार झाला. पूर्वेस उतार व पश्चिमेस कडा, असे त्याचे रूप आहे. नैर्ऋत्येचे ढग हा कडा चढताना थंड होतात आणि तेथेच रिते होतात. म्हणून लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर चाळीस मैलांवरील पुण्यास जेमतेम सातशे.

माथ्यावरचे हे पाणी स्वभावतः पूर्वेस जाते. इंद्रायणी व मुळा भीमेस मिळतात, भीमा कृष्णेस, आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. टाटांच्या कंपन्यांनी माथ्यावर धरणे बांधून हे पाणी उलट, पश्चिमेस फिरविले. कड्यावरून नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळणारे पाणी वीजगृहांची चक्रे फिरवू लागले. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली. मुंबईच्या गिरण्यांना ही वीज मिळाली.

पण भिऱ्यास पाणी मिळावे म्हणून मुळशीचे खोरे बुडाले. त्या खोऱ्यात आंबेमोहोर पिकविणारी भातखाचरे होती. १९२१ च्या रामनवमीस मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पुढे सेनापती बापट या सत्याग्रहाचे पुढारी झाले. तीन वर्षे झुंज चालली, तरी धरण झालेच. येथे पुणेकर श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्या जमिनींपैकी पुष्कळ पुण्याच्या सावकारांकडे गुंतलेल्या होत्या. सावकारास भरपाई परवडली. कसणाऱ्यास ती परवडणारी नव्हती.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. गिरणीच्या नफ्यात घामाचा वाटा किती, हा हिशेब आम्ही जन्मभर मागत आलो. पण चाक फिरविणाऱ्या पाण्याखाली ज्याचे शेत गेले, त्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. धरणे उभी आहेत आणि पाणी आजही पश्चिमेसच उतरते. डोंगराच्या रूपाने ही वीज शक्य केली खरी. तिची किंमत कोणी भरावी, हे मात्र माणसांनी ठरविले. जे माणसांनी ठरविले, त्याचा जाब माणसांकडे मागता येतो, आणि मुळशीच्या मावळ्याचा जाब आम्ही आमचाच समजतो.