क्लब हॉकीची चषकपरंपरा : मुंबई आणि युरोप

प्रस्तावना : भारतीय हॉकीचा इतिहास बहुधा ऑलिंपिक पदकांच्या अनुषंगाने लिहिला जातो. त्या पदकांमागील क्लब व संस्थांच्या स्पर्धा मात्र उपेक्षित राहतात. प्रस्तुत लेखात मुंबईचा आगाखान चषक आणि युरोपीय क्लब अजिंक्यपद यांची तुलना करून भारतीय क्लब हॉकीच्या पीछेहाटीची मीमांसा केली आहे.

मुंबईची परंपरा : कोलकात्यात १८९५ मध्ये बेटन चषक आणि मुंबईत १८९६ मध्ये आगाखान चषक सुरू झाला. भारतीय हॉकी महासंघाची स्थापना मात्र १९२५ ची. म्हणजे राष्ट्रीय संघटनेपूर्वीच जवळपास तीन दशके या स्पर्धा रुजल्या होत्या. या परंपरेचे बळ १९२८ मध्ये प्रत्ययास आले. ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला निघालेल्या भारतीय संघास मुंबईच्या संघाने ३-२ असे पराभूत केले. तोच भारतीय संघ पुढे सुवर्णपदक घेऊन परतला. १९४८ च्या सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार किशनलाल हे मुंबईतील बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे खेळाडू होते.

युरोपातील क्रम : युरोपीय क्लब अजिंक्यपदास अधिकृत स्वरूप आले ते १९७४ मध्ये, आगाखान चषकानंतर तब्बल ७८ वर्षांनी. पहिला मान जर्मनीच्या फ्रँकफुर्ट १८८० या क्लबने मिळविला. २००७ मध्ये युरो हॉकी लीगने तिची जागा घेतली. येथे प्रवेश मिळतो तो आपापल्या देशाच्या साखळी स्पर्धेतील कामगिरीवर.

विवेचन : उशिरा आरंभ करूनही युरोप पुढे गेला, याचे मर्म रचनेत आहे. तेथील क्लब सभासदांचा; त्याचे मैदान, बालसंघ व स्थानिक साखळी स्पर्धा ही एकाच शिडीची पावले. मुंबईत खेळाडूस आधार होता प्रामुख्याने नोकरीचा. रेल्वे, टाटा यांसारख्या संस्थांनी त्याला उपजीविका दिली, हे ऋण मोठे. परंतु संघाचे भवितव्य भरतीच्या धोरणाशी बांधले गेले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान आले आणि स्वतःचे मैदान नसलेले क्लब अधिकच मागे पडले. प्रीमियर हॉकी लीग (२००५-२००८) व हॉकी इंडिया लीग (२०१३-२०१७, २०२४ च्या अखेरीस पुनरारंभ) यांतील संघांना प्रदेशांची नावे लाभली, पण ते स्थानिक क्लबांतून वर आलेले नव्हते.

निष्कर्ष : केवळ चषकाच्या प्राचीनतेने परंपरा टिकत नाही, तिला तळातून वर नेणारी स्पर्धारचना लागते. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात अशा रचनेचा आरंभ महाविद्यालयाच्या मैदानावरूनच होऊ शकतो. पदवीनंतर खेळाडूच्या हातून स्टिक सुटू नये, एवढी तजवीज झाली तरी तो आरंभ सार्थ ठरेल.