नेपच्यूनची दुसरी मात्रा

विषाची एक मात्रा सोसली म्हणजे पुढची अधिक सहज सोसते, अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. ती एका कुत्र्यानें खोटी ठरविली. १९०२ सालीं पॅरिस येथें शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनीं समुद्रपुष्प नांवाच्या जलचराचें विष धट्ट्याकट्ट्या नेपच्यूनला टोंचलें. त्यास कांहींच झालें नाहीं. २२ दिवसांनीं तेवढीच मात्रा पुन्हा दिली. कांहीं क्षणांतच धाप, मग जुलाब, रक्ताची वांती. २५ मिनिटांत बिचारा गतप्राण झाला. या अतितीव्र अॅलर्जीवरील संशोधनाबद्दल रिशे यांस १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजही गांधीलमाशी दुसऱ्यांदां डसल्यावर घरचा कुत्रा ओकूं लागला, कीं मंडळी शिळ्या भाकरीला दोष देतात. पशुवैद्य मात्र तत्काळ अॅड्रेनॅलिन टोंचतो.